पन्नासची लेन्स: एएफ की एएफ-एस?

दिवाळीत भाच्याने साठवलेल्या पैशांतून जुना निकॉन डी३२०० घेतला आणि हौसेने सोबत पन्नासची (५० एमएमची) एक लेन्सही. संध्याकाळी फोन. "मामा, लेन्स फोकसच करत नाही. खराब माल गळ्यात मारला वाटतं." खराब काहीच नव्हतं. लेन्सवर ठळक 'एएफ' लिहिलेलं, आणि एएफ म्हणजे ऑटोफोकस हेही खरंच. फक्त फोकस फिरवणारी मोटर ना त्या लेन्समध्ये होती, ना त्याच्या कॅमेऱ्याच्या बॉडीत.

निकॉनचं एफ माउंट, म्हणजे बॉडीवर लेन्स बसते ती जागा, १९५९चं. पुढे ऑटोफोकस आला तेव्हा कंपनीने माउंट तेच ठेवलं आणि मोटर कॅमेऱ्यात बसवली. एक बारीक दांडा लेन्सच्या आतली चक्रं फिरवणार. या लेन्स म्हणजे नुसत्या 'एएफ', बहुतेकींच्या नावाच्या शेवटी डी. नंतर मोटर लेन्समध्येच गेली, ती 'एएफ-एस'. मग २००६च्या डी४०मध्ये बॉडी लहान नि स्वस्त करताना आतली मोटर काढूनच टाकली. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या सगळ्या बॉडी तशाच. म्हणजे नवशिक्याला परवडणारी बॉडी बिनमोटरची, आणि जुन्या बाजारात स्वस्तात मिळणारी पन्नासही बिनमोटरची. दोघांची पत्रिकाच जुळत नाही. (कॅननवाल्यांना ही कटकट नाही, त्यांच्या ईएफ लेन्समध्ये १९८७पासून मोटर लेन्सच्याच पोटात.)

दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, दोन्ही झाकणं काढून बघा. एएफ-डी पन्नासच्या मागच्या धातूच्या कड्यावर स्क्रूच्या डोक्याला असते तशी खाच दिसेल. बॉडीच्या कड्यातून पेचकसाच्या टोकासारखं काही डोकावतंय का? खाच आहे, टोक नाही, तर फोकस हाताने. एएफ-एस पन्नासला ती खाच नसतेच, कुशीला फोकसचं बटण असतं. १.८च्या डीवर २२पर्यंत आकडे असलेलं अ‍ॅपर्चरचं (प्रकाश आत येण्याचं भोक लहान-मोठं करणारं) कडं असतं, नावाच्या शेवटी जी असलेल्या एएफ-एसवर ते नाही. हे कडं नारिंगी २२वर नेऊन लॉक करावं लागतं. तसं केलं नाही की कॅमेऱ्यावर 'एफईई' अशी अक्षरं येतात आणि शटर पडत नाही. अर्ध्या 'बिघडलेल्या' लेन्स यामुळेच दुकानात परत जात असाव्यात.

मग डी अगदीच निकामी? नाही. डी३२००वर तिचं मीटरिंग (प्रकाश मोजणं) चालतं, आणि फोकसचं कडं हाताने फिरवताना फोकस जुळला की व्ह्यूफाइंडरच्या खालच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका लागतो. पणत्या, रांगोळी, ताटातली करंजी, सगळं छान येतं. पण १.८वर, म्हणजे अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून, जवळून चेहरा टिपताना डोळा स्पष्ट आणि कान धूसर, इतकी फोकसची पट्टी अरुंद असते. समोरचं मूल जरा हललं की फोटो गेला.

माझं मत विचाराल तर थोडे जास्त पैसे घालून एएफ-एसच घ्या, आणि तीही पन्नास नको, ३५ एमएम एफ १.८ जी घ्या. डी३२००सारख्या बॉडीच्या लहान सेन्सरवर पन्नास ही पंचाहत्तरसारखी वागते, चौकट अरुंद होते. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत मागे सरकत भिंतीला पाठ टेकते, तरी आजी-आजोबा एका चौकटीत मावत नाहीत. जुन्या डी लेन्स चार-पाच जमवायच्याच असतील, तर मोटर असलेली डी७००० मालिकेतली वापरलेली बॉडी बघा. एका लेन्सपायी ते वजन गळ्यात कशाला?

अजून एक एएफ आहे, एएफ-पी. किटमधली, म्हणजे बॉडीसोबत मिळणारी, १८-५५ एमएमची लेन्स या प्रकारातही येते. डी३१००, डी३२००, डी५१०० यांसारख्या जुन्या बॉडींवर ती हातानेही फोकस होत नाही, म्हणून जुन्या बाजारात बॉडी-लेन्सची जोडी घेताना नाव पूर्ण वाचा.

पुढे कधी निकॉनच्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) झेड कॅमेऱ्यांवर गेलात, तर जुन्या लेन्स तिथे जोडणाऱ्या एफटीझेड अडॅप्टरवर एएफ-एसचा ऑटोफोकस चालतो. डीला तिथेही मोटर मिळत नाही. भाच्याला हे सांगितलं, तेव्हा तो दुसऱ्याच दिवशी लेन्स घेऊन दुकानात गेला. दुकानदाराने वरचे पैसे घेतले आणि ३५ दिली.