भाड्यातनं हप्ता फिटतो?
"घर घेऊन भाड्याला लाव, भाड्यातनंच हप्ता फिटतो" हे बेळगावात लहानपणापासनं ऐकतोय, पण एकदा कागदावर मांडून बघा. समजा अनगोळला 60 लाखाचं बैठं घर, भाडं 15 हजार. 45 लाखाचं कर्ज साडेआठ टक्क्यानं 20 वर्षांसाठी काढलं तर हप्ताच 39 हजार होतो की! वर्षाचं भाडं 1 लाख 80 हजार, म्हणजे घराच्या किमतीच्या फक्त 3 टक्के, आणि त्यातनं घरपट्टी, रंग, रिकामा गेलेला महिना, वर इथला पाऊस, आमच्या मागच्या खोलीला दर जुलैत ओल येऊन पोपडे पडतात, ते मालकालाच बघावं लागतं. या सगळ्यात वर्षाला 45 हजार गेले तर उरले सव्वादोन टक्के. घ्यायचंच तर आधी गल्लीतल्या दोन भाडेकरूंना खरं भाडं विचारा, एजंटाला नको.