भू-विक्षोभ व मृदाकीटकांची विविधता

नांगरट, वृक्षतोड, वणवा, खाणकाम, अवजड यंत्रांची किंवा गुरांची वर्दळ यांमुळे मातीची घडण व तिच्यावरचा पालापाचोळ्याचा थर विस्कटतो, यास भू-विक्षोभ म्हणतात. त्यामुळे तेथील कीटकांच्या जाती व त्यांचे परस्परप्रमाण बदलते. कोलेम्बोला (स्प्रिंगटेल) हा मातीतल्या बारीक, बिनपंखी, उड्या मारणाऱ्या प्राण्यांचा गट आता बहुतेक अभ्यासक काटेकोर अर्थाने कीटकांत धरत नाहीत. मृदाविषयक पाहणीत मात्र तो सोबतच मोजला जातो.

पाचोळा हटला की अन्न व ओलावा एकाच वेळी जातात आणि मातीचा पृष्ठभाग तापतो. माती दडपली गेल्यास प्रथम मोठी छिद्रे बुजतात. कोलेम्बोला बिळे खणत नाहीत, असलेल्या पोकळ्यांतूनच हिंडतात. म्हणून खोलवरच्या जातींना याचा फटका अधिक बसतो. त्या फिकट, क्षीणदृष्टी आणि उडीचा अवयव आखूड वा लुप्त झालेल्या असल्याने त्यांचे पुनरागमनही मंद असते. नांगरटीने भुंगेऱ्यांसारखे मोठे प्राणी सूक्ष्मजीवांपेक्षा जास्त घटतात. वन तोडल्यावर माती खाणाऱ्या वाळवीच्या जाती सामान्यतः लाकूड खाणाऱ्यांच्या आधी नाहीशा होतात.

मध्यम विक्षोभात विविधता सर्वाधिक असते, हे गृहीतक सहसा परिसंस्थाशास्त्रज्ञ जोसेफ कॉनेल यांच्या नावे (१९७८) सांगितले जाते. तथापि जे. पी. ग्राइम यांनी १९७३ मध्ये लाकडी खोड नसलेल्या लहान (शाकीय) वनस्पतींबाबत, तर हेन्री हॉर्न यांनी १९७५ मध्ये वनांबाबत तत्सम मांडणी केली होती. मूळ कल्पना त्याहूनही जुनी असावी. कॉनेल यांची उदाहरणे वर्षावनातील वृक्ष व प्रवाळ यांची, म्हणजे एका जागी स्थिर राहून जागेसाठी झगडणाऱ्या जीवांची आहेत. मातीतले कीटक फिरते असून खोलीनुसार विभागलेले असतात, त्यामुळे गृहीतक त्यांना जसेच्या तसे लावणे धोक्याचे आहे. जेरेमी फॉक्स यांनी २०१३ मध्ये ते सोडूनच द्यावे असे प्रतिपादले. हे मत सर्वमान्य नाही, पण मृदाकीटकांपुरते ते अधिक ग्राह्य वाटते. मध्यम विक्षोभात जातिसंख्या वाढलेली दिसते तेव्हा ती पुष्कळदा उघड्या जमिनीवरच्या सर्वत्र आढळणाऱ्या जातींची भर असते, आणि खास पाचोळ्यातल्या जाती त्याच वेळी गळालेल्या असतात. म्हणून संख्येसोबत जातींची यादी तपासणे अटळ आहे.

नमुना घेण्याची पद्धत निष्कर्ष सहज फिरवू शकते. जमिनीत पुरलेल्या पेल्याच्या सापळ्यात घनता नव्हे, तर घनता व हालचाल यांचा एकत्रित परिणाम मोजला जातो. पाचोळा नसलेल्या जागी कीटकांना अडथळा कमी असल्याने ते जास्त सापडतात, आणि बिघडलेली जमीन समृद्ध भासते. सापळा पुरताना झालेल्या खोदकामामुळेही सुरुवातीचे दिवस संख्या फुगते; त्यामुळे काही दिवस तो झाकून ठेवून मगच मोजणी सुरू करतात. मुंग्यांसाठीच्या प्रमाणित पद्धतीत २०० मी. रेषेवर १० मी. अंतराने १ चौ.मी. पाचोळ्याचे २० नमुने चाळून विंकलर पिशवीत (पाचोळा सुकत जाताना मुंग्या खालच्या भांड्यात पडतील अशा कापडी पिशवीत) ४८ तास टांगतात. मातीच्या कांड्यांसाठी (जमिनीतून काढलेल्या दंडगोल नमुन्यांसाठी) बर्लेसे (१९०५) यांचे नरसाळे वापरतात; त्यात माती उष्णतेने सुकत जाते आणि प्राणी खाली सरकत भांड्यात पडतात. टुलग्रेन यांनी त्यात विजेचा दिवा आणला. कांडे उलटे ठेवावे, म्हणजे प्राणी त्यांच्या नेहमीच्या वाटांनी खालच्या अल्कोहोलमध्ये उतरतात. दिवा प्रखर ठेवल्यास माती एकाएकी सुकून मंद जाती आतच मरतात. नरसाळ्याच्या भिंतीवर दव साचल्यास लहान प्राणी तेथेच चिकटतात. दोन्ही चुकांत नाजूक जाती वगळल्या जातात आणि विक्षोभाचा परिणाम धूसर होतो.

खाणकामानंतर पुनर्भरण केलेल्या जमिनीवर मुंग्यांपैकी संधिसाधू (मोकळ्या जागी झटपट वसणाऱ्या) जाती आधी येतात. पाचोळ्यात शिकार करणाऱ्या विशेष जाती थर जमल्यावरच. काढलेली वरची माती उंच ढिगात दीर्घकाळ साठवल्यास आतील प्राणवायू संपून तिच्यातले प्राणी मरतात. ती लगेच पसरणे इष्ट.