तिसऱ्या मुलाचा भत्ता

ब्रिटनमध्ये मुलांसाठी सरकारी भत्ता सुरू झाला ऑगस्ट १९४६मध्ये. आठवड्याला पाच शिलिंग, आणि तेही पहिल्या मुलाला सोडून. एकाच मुलाच्या घराला काही मिळायचं नाही. दुसरं झालं की पाच शिलिंग, तिसरं झालं की आणखी पाच. सरकारचा हिशेब असा होता, की बापाच्या पगारात एक मूल निभतं, ओढाताण सुरू होते ती दुसऱ्यापासून. शिवाय महायुद्धातून बाहेर पडलेल्या देशाला घटत्या जन्मदराची काळजी होतीच. सामाजिक सुरक्षेचा आराखडा मांडणाऱ्या १९४२च्या बेव्हरिज अहवालात ती स्पष्ट मांडलेली आहे.

या भत्त्यासाठी एलिनॉर रॅथबोन या अपक्ष खासदार जवळजवळ तीस वर्षं भांडल्या. मूळ विधेयकात पैसे बापाच्या हातात जाणार होते. ते आईच्या हातात गेले पाहिजेत यावर त्या अडून बसल्या आणि १९४५मध्ये त्यांनी तसा बदल करून घेतला. पहिला हप्ता निघण्याच्या काही महिने आधीच त्या वारल्या.

त्याच देशात एकाहत्तर वर्षांनी हिशेब बरोबर उलटा झाला. ६ एप्रिल २०१७पासून जन्मलेल्या तिसऱ्या आणि पुढच्या मुलासाठी गरीब कुटुंबांना मिळणारी मदत बंद करण्यात आली. अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी ही घोषणा २०१५मध्येच केली होती. जवळजवळ सर्वांना मिळणारा जुना भत्ता तिसऱ्यालाही चालू राहिला. कापला गेला तो उत्पन्नावर अवलंबून असलेला, युनिव्हर्सल क्रेडिट या गरीब घरांसाठीच्या सरकारी मदतीतला मोठा हिस्सा. २०२५-२६च्या दराने तो एका मुलामागे वर्षाला साधारण ३,५०० पौंड भरतो.

समर्थन सोपं होतं आणि बऱ्याच जणांना पटणारंही. कष्ट करून घर चालवणारं जोडपं तिसरं मूल परवडेल का याचा दहा वेळा विचार करतं. मग सरकारी मदतीवर जगणाऱ्यांनी तो का करू नये? आपल्याकडे ‘ज्याने चोच दिली तो दाणाही देईल’ असं म्हणणाऱ्याला जे सुनावलं जातं, तेच हे, फक्त इंग्रजी शिष्टाचाराच्या भाषेत.

नियम म्हटला की अपवाद आलेच. दोन मुलं असताना जुळं झालं, तर त्यातल्या एकाची मदत नाकारायची आणि दुसऱ्याची द्यायची, कारण जुळं होणं आईबापाच्या हातात नसतं. म्हणजे तिसऱ्याला नाही, चौथ्याला हो. बलात्कारातून मूल झालं असेल तर सूट होती, पण त्यासाठी बाईने ते कुणा डॉक्टर किंवा समाजसेवकापुढे सांगून फॉर्म भरून घ्यायचा. २०२१मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने हे सगळं धोरण कायदेशीर ठरवलं.

या वादात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. पैसे दिल्याने किंवा कापल्याने मुलांची संख्या बदलते का, हा एक. तो मोजता येतो. जन्माला आलेल्या मुलाला मदत द्यावी का, हा दुसरा. तो मोजपट्टीने सुटत नाही. लोक दुसऱ्याचं उत्तर मनात ठरवून पहिल्यावर भांडतात.

पहिल्याचं उत्तर शोधणंही वाटतं तितकं सोपं नाही. जन्मदर तर सगळीकडेच घसरतो आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये तो आता दर बाईमागे १.४ मुलांच्या आसपास आहे. २०१७नंतर तिसरी मुलं कमी झाली असतील, तर ती नियमामुळे की त्या घसरणीमुळे? प्रयोगशाळेत जसे दोन गट पाडतात तसे इथे पाडता येत नाहीत. मेरी रीडर, जोनाथन पोर्ट्स आणि रूथ पॅट्रिक या संशोधकांनी म्हणून तिहेरी तुलना केली. नियमाआधीचा काळ आणि नंतरचा, मदतीवर अवलंबून असलेली घरं आणि सुस्थितीतली घरं, पहिलं-दुसरं मूल आणि तिसरं मूल. जी घट सगळीकडे दिसते ती या तुलनेत आपोआप वजा होते आणि उरतो तो फक्त नियमाचा परिणाम.

उरलं फारच थोडं. गरीब घरांत तिसरं किंवा पुढचं मूल होण्याची शक्यता कमी झाली, पण ती घट अर्ध्या टक्केबिंदूलाही (पर्सेंटेज पॉइंट) पोचत नव्हती. वर्षाला हजारो पौंड कापूनही!

हे असं का, याची कारणं आकड्यांत दिसत नाहीत, माणसांशी बोलल्यावर दिसतात. असा नियम आहे हे बऱ्याच आयांना मूल झाल्यावर, अर्ज भरताना कळलं. काहींची गर्भधारणा ठरवून झालेलीच नव्हती. आणि कितीतरी घरांत तिसरं मूल झालं तेव्हा सगळं ठीक होतं. नंतर नवऱ्याची नोकरी गेली, घटस्फोट झाला, कुणी आजारी पडलं, कोविड आला. मदत मागायची वेळ आली तेव्हा सरकारने मुलं मोजली. निर्णय पाच वर्षांपूर्वीचा, शिक्षा आजची. शिवाय ज्यांना ‘बसून खाणारे’ म्हटलं जात होतं, त्या घरांपैकी दहांतल्या जवळजवळ सहा घरांत कुणी ना कुणी कामाला जात होतं. एप्रिल २०२५च्या सरकारी आकडेवारीनुसार या मर्यादेचा फटका बसलेल्या घरांत १६ लाखांहून अधिक मुलं राहत होती. घरातल्या सगळ्या मुलांचं भात, वरण, बूट एकाच पैशांतून येतं, हे ही मर्यादा विसरत होती. तिसऱ्याचे पैसे कापले, तरी पहिल्या दोघांच्या ताटातलंही कमी होतंच.

अमेरिकेत हा प्रयोग आधीच होऊन गेला होता. मदतीवर असताना झालेल्या पुढच्या मुलासाठी वाढीव रक्कम द्यायची नाही, हा कायदा न्यू जर्सीने १९९२मध्ये केला आणि २०२०मध्ये मागे घेतला. जन्म खरंच कमी झाले का, यावर तिथल्या संशोधकांचं आजवर एकमत झालेलं नाही.

मग उलट्या बाजूने पाहू. पैसे दिले तर मुलं वाढतात का?

कॅनडाच्या क्वेबेक प्रांताने १९८८मध्ये बक्षीसच लावलं. पहिल्या मुलाला ५०० डॉलर, दुसऱ्याला १,०००, आणि तिसऱ्याला वाढत वाढत ८,००० पर्यंत. केविन मिलिगन या अर्थतज्ज्ञाने हिशेब मांडला तेव्हा परिणाम दिसला, आणि जिथे रक्कम सर्वांत मोठी तिथे सर्वांत ठळक. पण एक मेख होती. बहुतेक पैसा अशा मुलांवर गेला जी बक्षीस नसतं तरी झालीच असती. त्यामुळे बक्षिसामुळे जास्तीच्या झालेल्या एकेका मुलाची किंमत सरकारला १५,००० डॉलरच्या वर पडली. १९९७मध्ये क्वेबेकने ही योजना गुंडाळली आणि दिवसाला पाच डॉलरमध्ये पाळणाघर सुरू केलं. माझ्या मते हा शहाणपणाचा सौदा होता, कारण पाळणाघर आईची नोकरीही वाचवतं.

माझा आवडता किस्सा मात्र ऑस्ट्रेलियाचा. २००४च्या मे महिन्यात अर्थमंत्री पीटर कॉस्टेलो यांनी जाहीर केलं, की १ जुलैपासून जन्मणाऱ्या प्रत्येक बाळामागे ३,००० डॉलर मिळतील. एक मूल आईसाठी, एक बाबासाठी आणि एक देशासाठी होऊ द्या, असंही ते म्हणाले. घोषणा आणि अंमलबजावणी यांत जेमतेम सात आठवडे. एवढ्यात नवीन गर्भ राहून बाळ येणं शक्यच नव्हतं. तरीही १ जुलैला देशात तीस वर्षांतले एका दिवसातले सर्वाधिक जन्म नोंदले गेले. जोशुआ गॅन्स आणि अँड्र्यू ली यांनी मोजलं तर हजारांहून अधिक जन्म जूनमधून जुलैत ढकलले गेले होते. ठरलेलं सिझेरियन पुढे गेलं, कळा आणण्याची औषधं लांबली. मुहूर्त पाहून सिझेरियन करणाऱ्या आपल्या मंडळींना यात नवल वाटणार नाही.

हा किस्सा जन्मदराच्या आकड्यांकडे कसं पाहावं हे शिकवतो. पैशाने किती मुलं यापेक्षा कधी मूल हे लवकर बदलतं. पाच वर्षांनी होणारं दुसरं मूल जोडपं यंदाच होऊ देतं, त्या वर्षीचा आकडा फुगतो, मंत्री पेढे वाटतात. पुढे आकडा पुन्हा बसतो. पोलंडमध्ये एप्रिल २०१६पासून दुसऱ्या आणि पुढच्या मुलामागे महिन्याला ५०० झ्लॉटी मिळू लागले. जन्मदर २०१५च्या १.२९वरून २०१७मध्ये १.४५वर गेला. योजना पुढे पहिल्या मुलालाही लागू झाली, २०२४पासून रक्कम ८००वर गेली, आणि त्याच २०२४मध्ये जन्मदर १.१च्या आसपास होता. मुलांची गरिबी मात्र पोलंडमध्ये खरोखर घटली.

गरिबीवरचा हा परिणाम जवळपास सगळीकडे दिसतो. अमेरिकेने २०२१मध्ये मुलांमागची करसवलत तात्पुरती वाढवली तेव्हा तिथली बालगरिबी ५.२ टक्क्यांवर आली. सवलत संपल्यावर २०२२मध्ये ती १२.४ टक्के झाली. पण पैसा दिला की मूल हुशार होतं, असं म्हणणाऱ्यांनीही जरा दमानं घ्यावं. अमेरिकेतच २०१८पासून १,००० गरीब आयांवर एक प्रयोग चालू झाला. चिठ्ठ्या टाकून काहींना महिन्याला ३३३ डॉलर, काहींना फक्त २०. बाळं वर्षाची झाली तेव्हा मेंदूच्या लहरींत फरक दिसल्याची बातमी गाजली. चार वर्षांची झाल्यावर भाषा, वागणूक, विचारशक्ती यांत दोन गटांत लक्षणीय फरक सापडला नाही. मला त्यामुळे मदत चुकीची वाटत नाही. घरात दूध आणि गरम कपडे असावेत, यासाठी मुलाने परीक्षेत जास्त गुण आणून दाखवायला हवेत असं थोडंच आहे.

महाराष्ट्रात आपण ‘दोन पुरे’ या विचारात इतके मुरलो आहोत, की तो नियम वाटतच नाही. २००५च्या लहान कुटुंबाच्या नियमांमुळे तिसरं अपत्य असलेल्याला सरकारी नोकरी मिळत नाही, आणि वेगळ्या कायद्याने ग्रामपंचायतीचा उमेदवारही तिसऱ्या अपत्यामुळे अपात्र ठरतो. २०२३च्या ‘लेक लाडकी’ योजनेत पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्या घरातल्या मुलीला टप्प्याटप्प्याने १ लाख १ हजार रुपये मिळतात, पण त्यासाठी आई किंवा बापाची कुटुंब नियोजन शस्त्रक्रिया झालेली असावी लागते. आणि इथेही ब्रिटनसारखंच जुळ्यांसाठी वेगळं कलम आहेच. हे सगळं चालू असताना राज्याचा जन्मदर २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १.७ भरला, म्हणजे लोकसंख्या टिकून राहायला लागणाऱ्या २.१च्या बराच खाली. त्याच राज्यात पारशी समाजाने अधिक मुलं होऊ द्यावीत म्हणून केंद्र सरकारची ‘जियो पारसी’ योजना २०१३पासून पैसे मोजते आहे.

ब्रिटनच्या अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी नोव्हेंबर २०२५मध्ये दोन मुलांची मर्यादा एप्रिल २०२६पासून उठवत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे २०२९-३०पर्यंत साडेचार लाख मुलं गरिबीतून बाहेर पडतील, असा सरकारचा अंदाज आहे. २०१७च्या एप्रिलमध्ये जन्मलेली ती पहिली तिसरी मुलं मर्यादा उठण्याच्या वेळी, एप्रिल २०२६मध्ये, नऊ वर्षांची.