आधी महाराष्ट्र की आधी देश? प्रतापगडाखालच्या निदर्शनांची पार्श्वभूमी

प्रतापगडावर गेलेला पर्यटक शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्यापुढे छायाचित्र काढून खाली उतरतो. या पुतळ्याचे अनावरण झाले त्या दिवशी पसरणी घाटाचा रस्ता निदर्शकांनी भरला होता, हे त्याला सहसा कुणी सांगत नाही. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू अनावरणासाठी आले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीचे कार्यकर्ते काळी निशाणे घेऊन हजारोंनी जमले होते. नेहरूंनी पूर्वी शिवरायांविषयी केलेल्या लेखनाचा राग त्यात होताच, पण मूळ दुखणे वेगळे होते : १ नोव्हेंबर १९५६ रोजी तेलुगू, कन्नड आणि मल्याळम भाषकांना आपापली राज्ये मिळाली, मराठी माणसाच्या वाट्याला मात्र गुजरातसह द्वैभाषिक मुंबई राज्य आले.

त्या राज्याचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण आणि १९५७ मध्ये समितीच्या पाठिंब्यावर उत्तर साताऱ्यातून लोकसभेवर निवडून गेलेले क्रांतिसिंह नाना पाटील, हे दोघेही जुन्या सातारा जिल्ह्यातलेच आणि दोघेही बेचाळीसच्या लढ्यात भूमिगत राहिलेले. (देवराष्ट्रे आणि येडेमच्छिंद्र ही त्यांची जन्मगावे आज सांगली जिल्ह्यात असली, तरी दक्षिण सातारा वेगळा निघाला तो १९४९ मध्ये, आणि त्याचे नाव सांगली झाले ते १९६० मध्ये.) १९५५ च्या डिसेंबरात फलटणला चव्हाणांनी संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत आपण नेहरूंकडे राहू, अशी भूमिका घेतली आणि विरोधकांनी त्यांना सूर्याजी पिसाळ ठरवले. वाईच्या देशमुखीसाठी रायगड मोगलांच्या हवाली केल्याचा ठपका ज्याच्यावर आहे, त्याचे नाव सातारा जिल्ह्यात किती जिव्हारी लागत असेल, हे बाहेरच्याला समजणे कठीण आहे. १९५७ च्या निवडणुकीत खुद्द कराडने त्यांना जेमतेम तारले.

नाना पाटलांचे, इंग्रजी राजवटीला समांतर चालणारे प्रतिसरकार १९४३ पासून गावोगाव न्यायनिवाडे करत होते, गांधी पद्धतीने कमी खर्चात लग्ने लावत होते, आणि खबऱ्यांच्या तळपायांना पत्र्या ठोकल्याच्या गोष्टींवरून लोक त्याला ‘पत्री सरकार’ म्हणत. देश स्वतंत्र करायचा तो आपल्या गावापासून, ही ज्यांची रीत होती, त्यांना पुढे मराठी राज्यासाठी दिल्लीशी भांडताना आपण देशाच्या विरोधात जात आहोत असे वाटण्याचे कारणच नव्हते. माझ्या मते या भागातील अस्मितेची हीच खरी ओळख आहे, आणि फलटणच्या भाषणाची चर्चा करताना नेमकी तीच निसटते.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. १९६२ च्या नोव्हेंबरात, चीन युद्धाच्या धामधुमीत, चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य सर्वतोमुखी झाले. सह्याद्रीचे हे धावणे मात्र बरेच जुने होते : साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धातच कामी आले होते, आणि त्या गावाला आजही सगळे ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात.