न्यूयॉर्कच्या रस्त्यावरची टेबले आठ महिन्यांपुरती कशी झाली

न्यूयॉर्कमध्ये दरवर्षी 1 एप्रिलपासून अनेक उपाहारगृहांसमोर, एरवी मोटारी उभ्या राहतात त्या पट्ट्यात, टेबले मांडता येतात आणि 29 नोव्हेंबरनंतर ती सारी उचलावी लागतात. वरवर हवामानाचा वाटणारा हा नियम 2023 च्या कायद्याने आला आणि त्यावरचा वाद अजून शमलेला नाही. या वादाची मुळे समजून घेताना उघड्यावरचे विकतचे जेवण आणि उद्यानांमधले उन्हाळी मोफत कार्यक्रम एकत्र पाहावे लागतात, कारण सार्वजनिक जागा कोणी, किती काळ आणि कोणत्या मोबदल्यात वापरायची, हा एकच प्रश्न दोन्हींच्या तळाशी आहे.

सेंट्रल पार्कमध्ये मोफत वाद्यसंगीत एकोणिसाव्या शतकापासून होत आले आहे; मात्र मोफतपणाचा हक्क प्रत्यक्ष पणाला लागला तो 1959 मध्ये. तिथे शेक्सपिअरची नाटके विनामूल्य करणाऱ्या मंडळीने तिकीट लावावे, कारण प्रेक्षकांच्या गर्दीने हिरवळीची नासधूस होते आणि तो खर्च भरून निघाला पाहिजे, असा आग्रह तत्कालीन उद्यान आयुक्तांनी धरला. प्रकरण न्यायालयात गेले, वरच्या न्यायालयाने ही अट मनमानी ठरवली आणि प्रयोग मोफतच राहिले. 1962 मध्ये त्याच उद्यानात सुमारे 1,800 आसनांचे डेलाकोर्ट हे खुले नाट्यगृह उभे राहिले. पुढे 1965 पासून शहरातील नामांकित वाद्यवृंद उद्यानांमध्ये मोफत मैफली करू लागला आणि 1986 पासून सेंट्रल पार्कात उन्हाळी संगीतमालिका सुरू झाली. सार्वजनिक जागेची झीज झाली तरी तिचा खर्च लोकांच्या आनंदावर लादायचा नाही, ही भूमिका तेव्हा मान्य झाली. उपाहारगृहांच्या बाबतीत मात्र शहराने तितकी उदारता कधी दाखवली नाही.

2020 पूर्वी पदपथावर टेबले मांडायची तर परवाना लागे, व्यापलेल्या जागेच्या क्षेत्रफळानुसार वार्षिक शुल्क भरावे लागे आणि मुळात तो रस्ता क्षेत्रविभागणीच्या, म्हणजे कोणत्या भागात कशाला मुभा हे ठरवणाऱ्या, नकाशात अनुज्ञेय असावा लागे. या तिसऱ्या अटीने खरे काम केले. परवाने हजाराहून थोडेच अधिक होते आणि त्यांतले बहुसंख्य मॅनहॅटन या शहराच्या मध्यवर्ती विभागात. क्वीन्स किंवा ब्राँक्स या इतर विभागांमधल्या एखाद्या लहान खानावळीच्या मालकाला दारापुढे चार खुर्च्या मांडण्याची इच्छा असली, तरी त्याच्या रस्त्याला ती मुभाच नसे.

महासाथीने हा नकाशा एका फटक्यात बाजूला सारला. मार्च 2020 मध्ये आत बसून जेवणे बंद झाले आणि 22 जूनपासून पदपथावर आणि थेट रस्त्यावर टेबले मांडायला परवानगी मिळाली. मालकाने नियम पाळत असल्याचे स्वतःच प्रमाणित करायचे आणि काम सुरू करायचे, एवढी ती पद्धत सोपी होती. 10 हजारांहून अधिक उपाहारगृहांनी तिचा लाभ घेतला. हिवाळा आला तशा लाकडी भिंती, छपरे आणि विजेचे हीटर बसले. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत आतली जेवणे पुन्हा बंद असताना या शेडनीच अनेकांचा धंदा तगवला. त्यातली काही पुढे ओस पडली, त्यांच्याखाली कचरा साचला, उंदीर झाले, रात्रीचा गोंगाट वाढला, चाकाच्या खुर्चीला वाट उरेना. या तक्रारी खऱ्या होत्या आणि काही रहिवासी त्या घेऊन न्यायालयातही गेले. पण वादाला जो आवाज चढला, त्यामागे मोटार उभी करण्याची हक्काची वाटणारी जागा गेल्याचा राग किती होता, हे त्या चर्चेत पुरेसे मोजले गेले नाही.

2022 च्या फेब्रुवारीत क्षेत्रविभागणीची जुनी भौगोलिक बंधने शहराने काढून टाकली. हा या साऱ्या कथेतला सर्वांत न्याय्य निर्णय होय. त्यानंतर दीड वर्षाने, ऑगस्ट 2023 मध्ये, कायम स्वरूपाचा कायदा झाला. पदपथावरची टेबले वर्षभर चालतील, रस्त्यावरची मात्र एप्रिल ते नोव्हेंबर एवढीच. बंदिस्त शेड चालणार नाहीत, सहज हलवता येईल अशी उघडी रचनाच चालेल, असे त्यात ठरले. चार वर्षांच्या परवान्याला पदपथ किंवा रस्ता यांपैकी एकासाठी 1,050 डॉलर, दोन्हींसाठी 2,100 डॉलर, आणि त्यावर जागेचे भाडे वेगळे.

समर्थकांच्या मते ही तडजोड होती: उपाहारगृहांना उन्हाळा मिळाला आणि रहिवाशांना हिवाळ्यात रस्ता परत मिळाला. परंतु दरवर्षी सगळी रचना उखडायची, चार महिने कुठेतरी भाड्याने ठेवायची आणि वसंतात पुन्हा उभारायची, हा खर्च मोठ्या गुंतवणुकीच्या उपाहारगृहाला पेलतो, गल्लीतल्या कुटुंबाच्या खानावळीला पेलत नाही. अर्जाबरोबर आराखडे, जाहीर सुनावणी आणि करारनोंदणी अशी साखळीही परत आली. रस्त्यावरच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्यांची संख्या महासाथीच्या काळातल्या आकड्याच्या जवळपासही गेली नाही आणि 2025 चा पहिला हंगाम सुरू झाला तेव्हा बहुतेक अर्जदार सशर्त मंजुरीवरच टेबले मांडत होते. नकाशाने जे पूर्वी केले होते, ते आता खर्च आणि कागदपत्रे करू लागली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

महासाथीतच मोटारींना ठरावीक वेळी बंद केलेल्या रस्त्यांचा अनुभव याहून आशादायक आहे. क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्समध्ये, भारतीय दुकाने आणि उपाहारगृहांच्या वस्तीलगतच, 34 व्या अव्हेन्यूचा 26 चौकांचा पट्टा असा मोकळा झाला आणि त्यावर मुलांचे खेळ, व्यायामाचे आणि भाषेचे वर्ग भरू लागले. यांपैकी कशालाच तिकीट नव्हते. तिथेही मोटारधारकांचा विरोध झाला, तरीही तो उपक्रम टिकला.

डेलाकोर्ट नाट्यगृह 2023 च्या उन्हाळ्यानंतर दुरुस्तीसाठी बंद होते. सुमारे साडेआठ कोटी डॉलर खर्चून ते ऑगस्ट 2025 मध्ये पुन्हा उघडले आणि प्रवेश विनामूल्यच राहिला. रस्त्यावरची टेबले वर्षभर ठेवू द्यावीत, ही मागणी त्याच वर्षी शहराच्या विधिमंडळापुढे पुन्हा आली.