रात्रीच्या ठिकाणांवरचे अभिप्राय: तपशील किती आणि कशाचा, याची पार्श्वभूमी

सोलापुरात विजापूर रोड, होटगी रोड, जुळे सोलापूर किंवा शहराबाहेर पुणे-हैदराबाद महामार्गालगत जी परमिट रूम, गार्डन रेस्टॉरंट आणि ढाबे आहेत, त्यांच्याबद्दल ग्राहकांनी मोबाइलच्या नकाशावर लिहिलेले अभिप्राय सलग वाचले, तर त्यांत मुख्यतः दोन प्रकार आढळतात. पहिला दोन शब्दांत आटोपतो: ‘एक नंबर’, ‘सर्व्हिस बेकार’. दुसरा लांबलचक असतो, पण त्यातला बराचसा मजकूर माणसांबद्दलचा असतो. वेटरचे नाव, गल्ल्यावर बसलेल्या मालकाचा तोरा, पलीकडच्या टेबलावर कोण कोणाबरोबर आले होते. घरच्यांना घेऊन रात्री दहाला तिथे जावे का, एवढाच ज्याचा प्रश्न असतो, त्याच्या हाती दोन्हींतून फारसे काही लागत नाही. हे असे का झाले, याची कारणे इंटरनेटच्या बरीच आधीची आहेत.

आपल्याकडे मित्राला ‘आज प्यायला जाऊ’ असे सहसा कोणी म्हणत नाही. ‘आज बसायचं का?’ एवढेच विचारतात आणि ते पुरते. सोलापुरात या संकोचाला शहराच्या स्वतःच्या इतिहासाचीही जोड आहे. हे गिरण्यांचे आणि मागांचे शहर. १८७७ साली जुनी मिल सुरू झाली, भोंग्यावर पाळ्या बदलू लागल्या आणि पाळी सुटल्यावर कामगार कुठे बसतो हा प्रश्न सार्वजनिक झाला. पूर्व भागात ताडी-शिंदीची दुकाने होती. सविनय कायदेभंगाच्या दिवसांत, मे १९३० मध्ये, रूपाभवानी मंदिराच्या परिसरातील शिंदीची झाडे तोडण्याचा कार्यक्रम झाला, त्यातून पोलिसांशी संघर्ष होऊन गोळीबार झाला आणि पुढे शहरात मार्शल लॉ लागला. त्याच आंदोलनातील मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी देण्यात आली. ज्या गावाच्या सर्वांत अभिमानाच्या आठवणीत शिंदीची झाडे तोडणे आहे, तिथे पिण्याच्या जागेचे गुण-दोष कोणी उघडपणे लिहून ठेवले नाहीत, यात नवल नाही.

त्यावर १९४९ चा दारूबंदी कायदा आला. ‘परमिट रूम’ हा शब्द त्याच व्यवस्थेतून आला आहे. मद्य पिण्यासाठी पिणाऱ्याकडे स्वतःचा परवाना हवा आणि परवाना असलेल्यांनी बसायची ती खोली म्हणजे परमिट रूम. एक दिवसाचा, एक वर्षाचा आणि आजन्म असे परवाने आजही आहेत. सौम्य बिअर आणि वाइनसाठी २१ वर्षे, तर इतर मद्यासाठी २५ वर्षे ही वयोमर्यादाही आहे. खिशात परवाना बाळगणारे किती, हे कोणत्याही वेटरला विचारावे. मुद्दा असा की ‘काल रात्री अमुक ठिकाणी तिघांनी मिळून एक खंबा संपवला’ असे स्वतःच्या नावानिशी लिहिणे म्हणजे कागदोपत्री कबुलीजबाब देण्यासारखे होते. दोन पिढ्यांनी तो दिला नाही. काळ्या काचा, मंद दिवे आणि ‘फॅमिली रूम वर’ ही पाटी या गोष्टी त्याच सवयीतून आल्या.

माहिती तरीही फिरत होतीच. पानपट्टीवाला, रिक्षावाला, रात्रीच्या खेळाहून परतणारा शेजारी यांना सगळे ठाऊक असे. जिल्ह्यातच मोडनिंबला संगीत बारीची जुनी परंपरा आहे आणि तिथल्या कलावंतिणीच्या अदाकारीचा अभिप्राय रसिक तिथल्या तिथे दौलतजादा करून, म्हणजे पैसे उधळून, देत. हा सगळा तोंडी व्यवहार होता आणि त्याला दोन कुंपणे होती: सांगणारा कोण हे ऐकणाऱ्याला ठाऊक असे, आणि सांगितलेले चार लोकांच्या पलीकडे जात नसे. लिखित अभिप्रायाने ही दोन्ही कुंपणे एकदम काढून टाकली. आपण मात्र आजही पानपट्टीवर बोलावे तसेच लिहितो.

इतरत्र हा प्रवास वेगळ्या वळणाने झाला. अमेरिकेत १९३६ साली व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय पोस्टमनने आपल्या समाजातील प्रवाशांसाठी ‘ग्रीन बुक’ काढले. त्यात हॉटेलांबरोबर दारूचे गुत्ते आणि नाइट क्लबही असत, वाचकांना नवी ठिकाणे कळवण्याचे आवाहन असे, आणि बहुतेक नोंदी नाव-पत्त्यापुरत्या असत. वर्णभेदाच्या काळात ‘इथे तुम्हाला आत घेतील’ हीच सर्वांत मोठी माहिती होती. चव, सजावट या गोष्टी त्यापुढे गौण होत्या. १९७९ साली न्यूयॉर्कमध्येच टिम आणि नीना झगाट या वकील दाम्पत्याने मित्रमंडळींकडून रेस्टॉरंटांना गुण मागवायला सुरुवात केली. पुढे त्यांची ३० गुणांची मोजपट्टी रूढ झाली. अन्न, सजावट आणि सेवा यांना वेगवेगळे गुण, आणि अनेकांच्या शेऱ्यांतून संपादकाने विणलेला एक छोटा परिच्छेद. एकट्याची लांब कैफियत तिथे छापली जात नसे. ती मुभा २००४ च्या येल्पसारख्या संकेतस्थळांनी दिली.

आपल्याकडे २००० साली मुंबईत माउथशट हे ग्राहकांच्या अभिप्रायांचे संकेतस्थळ सुरू झाले. २००८ मध्ये दीपिंदर गोयल आणि पंकज चढ्ढा यांनी दिल्लीत फूडीबे काढले, त्याचेच पुढे झोमॅटो झाले. त्यांची सुरुवात मतांपासून झालीच नव्हती. कचेरीतल्या सहकाऱ्यांना हॉटेलांची मेनूकार्डे लागतात, हे पाहून त्यांनी ती स्कॅन करून चढवली. ग्राहकाला आधी दर हवा असतो, मत नंतर, ही त्यांची पारख मला आजही अचूक वाटते.

रात्रीच्या ठिकाणांचा प्रश्न मात्र थाळीच्या हॉटेलाहून नाजूक आहे, कारण तिथे काम करणाऱ्या बायकांचे नाव निघाले की वाचकाची नजर बदलते. महाराष्ट्राने २००५ साली डान्स बारवर बंदी घातली. उच्च न्यायालयाने ती २००६ मध्ये रद्द केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. २०१६ च्या नव्या कायद्याच्या नावातच तिथे काम करणाऱ्या महिलांच्या प्रतिष्ठेचे रक्षण हे शब्द आहेत. त्यातील काही अटी २०१९ च्या जानेवारीत रद्दबातल झाल्या. इतकी वर्षे न्यायालयात ज्या प्रतिष्ठेचा खल चालला, ती ऑर्केस्ट्रात गाणाऱ्या एखाद्या मुलीचे नाव, गाव आणि घरी जाण्याची वेळ अभिप्रायात लिहिणारा दोन ओळींत घालवतो. असा तपशील कितीही खरा असला तरी तो ठिकाणाचा अभिप्राय नव्हे.

कायद्याची दुसरी बाजूही आहे. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द केले (त्या खटल्यात माउथशटही एक याचिकाकर्ते होते) आणि बोचरे लिहिले म्हणून या कलमाखाली अटक होण्याची भीती संपली. बदनामीचा गुन्हा मात्र कायम आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. जे सत्य आहे आणि सार्वजनिक हितासाठी सांगणे आवश्यक आहे, त्याला तिथे अपवाद मिळतो. म्हणून ‘बिलात न मागवलेली डिश लावली’ हे बिलाच्या आधाराने लिहिता येते, ‘मालक चोर आहे’ हे लिहिणे महागात पडू शकते. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणले. ते ऐच्छिक आहे आणि त्याचा भर अभिप्राय गोळा करणे, तपासणे आणि प्रसिद्ध करणे यावर आहे. नक्की काय लिहावे, हे शेवटी लिहिणाऱ्यावरच येते.

तपशील लिहायचा तर त्यावर तारीख हवी. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१६ च्या निकालाने महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतली मद्यविक्री १ एप्रिल २०१७ पासून थांबली, २०,००० पर्यंत लोकवस्तीच्या गावांसाठी अंतर २२० मीटर झाले, आणि जुलै २०१७ मध्ये शहरी हद्दीबाबत खुलासा आला. महामार्ग जिथून गावात शिरतात आणि बाहेर पडतात, अशा सोलापुरासारख्या शहराबद्दल त्या वर्षी लिहिलेला अभिप्राय आज वाचणे निरुपयोगी आहे. दरांचेही तेच. जेवणावर जीएसटी आणि मद्यावर व्हॅट, अशी बिलाची दोन अंगे असतात. परमिट रूममधला व्हॅट २०२३ च्या नोव्हेंबरपासून ५ वरून १० टक्के झाला, आणि २०२५ मध्ये उत्पादन शुल्कही वाढले. ‘स्वस्त आहे’ हे तीन वर्षांपूर्वीचे मत आज फसवते. शिवाय आषाढी एकादशीच्या ड्राय डेला जाऊन ‘बंद होते’ म्हणून एक तारा देणारेही आहेत, आणि तेही पंढरपूरच्या जिल्ह्यात!

मागच्या हिवाळ्यात पुण्याहून आलेली मावशी, मामेभाऊ आणि त्याची बायको यांना घेऊन मी हैदराबाद रस्त्यावरच्या एका ठिकाणी गेलो होतो. ‘फॅमिलीसाठी उत्तम’ असे तिथे निदान दहा जणांनी लिहिले होते. जेवण चांगले होते. कडक भाकरी, शेंगा चटणी आणि काळ्या रश्शाचे मटण यांत काही उणे नव्हते. मात्र बागेतला फॅमिली विभाग साडेनऊला बंद झाला, आम्हाला आतल्या हॉलमध्ये हलवले गेले, आणि बायकांच्या स्वच्छतागृहाकडे जायची वाट बारच्या टेबलांमधून होती. आतली कडी निखळलेली असल्याने वहिनी दाराबाहेर उभी राहिली आणि मावशी आत गेली. त्या दहा अभिप्रायांपैकी एकानेही या वाटेचा उल्लेख केला नव्हता. एकात मात्र वेटर ‘आपल्या गावचा’ असल्याचे नावासकट सांगितले होते.

घरी आल्यावर मी लिहिले ते असे: ‘शनिवार, रात्री ९ ते ११. चौघे. फक्त जेवणाचे बिल १,४६०, मागितल्यावर छापील मिळाले. फॅमिली गार्डन ९.३० पर्यंतच. पार्किंग खडीचे, दिवा एकच. लेडीज टॉयलेट बार हॉलमधून, कडी तुटलेली. भाकरी गरम.’ कोणाचे नाव घातले नाही. पंधरा दिवसांनी खाली मालकाचे उत्तर आले: ‘कडी बसवली आहे.’