केइओ विद्यापीठ रग्बी क्लब

केइओ विद्यापीठ रग्बी क्लब : जपानी खेळाडूंनी उभारलेला जपानमधील पहिला रग्बी संघ. टोकियोतील केइओ गिजुकु या खाजगी विद्यापीठात १८९९ मध्ये त्याची स्थापना झाली. काळ्या-पिवळ्या आडव्या पट्ट्यांच्या जर्सीमुळे तो ‘वाघांचा संघ’ म्हणून ओळखला जातो. माजी खेळाडूंच्या संघटनेचे नावही याच दोन रंगांवरून ठेवलेले आहे. अखिल जपान विद्यापीठ अजिंक्यपद त्याने तीन वेळा मिळवले, त्यांपैकी दोन वेळा विभागून. खुल्या जपान अजिंक्यपद स्पर्धेत त्याच्या नावावर एक विजय आहे. केवळ चषक मोजले, तर वासेदा, मेइजी आणि तेइक्यो ही विद्यापीठे त्याच्या फार पुढे आहेत. एकट्या वासेदाकडे सोळा विद्यापीठ अजिंक्यपदे आहेत. मात्र जपानमध्ये रग्बी ज्या मार्गाने पसरली तो मागे शोधत गेले, की शेवटी केइओच्या मैदानावरच येऊन थांबावे लागते. ज्या संघांनी पुढे केइओला हरवले, त्यांतील अनेकांपर्यंत हा खेळ केइओच्याच विद्यार्थ्यांमार्फत पोचला होता. या क्लबची खरी कामगिरी ती आहे.

स्थापना. रग्बीच्या धर्तीचा फुटबॉल जपानच्या भूमीवर त्याआधीपासून खेळला जात होता. योकोहामा बंदर परदेशी व्यापाराला खुले झाल्यावर तेथे ब्रिटिश व्यापारी, खलाशी आणि सैनिकांची वस्ती वाढली आणि १८६६ मध्ये त्यांनी योकोहामा फुटबॉल क्लब काढला. मुंबईतील गोऱ्यांच्या जिमखान्यांप्रमाणे हे मैदानही फक्त साहेबांचे होते. स्थानिक लोक कडेला उभे राहून पाहत, खेळात त्यांना जागा नव्हती. त्यामुळे तीसपेक्षा अधिक वर्षे हा खेळ जपानमध्ये असूनही जपानी झाला नाही.

ही कोंडी फोडली दोन तरुणांनी. एडवर्ड ब्रॅमवेल क्लार्क हा योकोहामात जन्मलेला इंग्रज. केंब्रिजमध्ये शिक्षण घेऊन तो जपानला परतला आणि केइओमध्ये इंग्रजी शिकवू लागला. तानाका गिन्नोसुके हा जपानी तरुणही केंब्रिजचाच विद्यार्थी होता आणि तेथे रग्बी खेळून आला होता. उन्हाळा सरल्यावर आणि पुन्हा हिवाळा सरल्यावर केइओचे विद्यार्थी करण्यासारखे काही नसल्याने इकडेतिकडे रेंगाळत वेळ घालवतात, इतकी सुंदर हवा वाया जाते, याची क्लार्कला खंत वाटे. बेसबॉल तेव्हा हिवाळ्यात खेळला जात नसे. त्या रिकाम्या महिन्यांसाठी त्याने रग्बी निवडली. स्वतःचे जपानी अपुरे पडेल म्हणून त्याने तानाकाला मदतीला घेतले. खेळाचे नियम आणि डावपेच विद्यार्थ्यांना त्यांच्या भाषेत समजावून देण्याचे काम तानाकाने केले. क्लार्कचे नाव नेहमी आधी घेतले जाते, पण तानाकाशिवाय हा प्रयोग पहिल्या हिवाळ्यातच थंडावला असता, असे म्हणायला जागा आहे.

बी पडले ती जमीनही तयार होती. केइओचे संस्थापक फुकुझावा युकिची यांनी १८५८ मध्ये एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, पाश्चात्त्य विद्येची शाळा सुरू केली होती. आधी शरीर कणखर करावे, मग मनाची मशागत करावी, असे ते आग्रहाने सांगत. विद्यापीठात १८९२ पासून क्रीडामंडळ होते. रग्बी सुरू झाली तेव्हा फुकुझावा हयात होते. १९०१ च्या फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले. क्लार्क पुढे क्योतोच्या शाही विद्यापीठात इंग्रजी साहित्याचा प्राध्यापक झाला. आजारपणात त्याला एक पाय गमवावा लागला. १९३४ मध्ये तो जपानमध्येच वारला.

क्लबच्या अधिकृत जपानी नावात आजही ‘रग्बी’ हा शब्द नाही; ‘फुटबॉल विभाग’ अशा अर्थाचे जुनेच नाव चालू आहे. परिणामी विद्यापीठात नंतर निघालेल्या सॉकर संघाला वेगळे नाव घ्यावे लागले.

पहिला सामना. ७ डिसेंबर १९०१ रोजी केइओचा संघ योकोहामाच्या परदेशी क्लबविरुद्ध उतरला. क्लार्क आणि तानाका दोघेही विद्यार्थ्यांसोबत खेळले. केइओ ५–३५ असा हरला. त्या काळी एका ट्रायला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवण्याला, तीन आणि त्यानंतरच्या यशस्वी किकला दोन गुण मिळत. म्हणजे केइओचे पाच गुण एका ट्रायचे आणि एका किकचे. दोन-तीन हिवाळ्यांच्या सरावावर उभा असलेला संघ, समोर लहानपणापासून हा खेळ खेळलेले आणि अंगापिंडाने थोराड खेळाडू. अशा वेळी प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे एकदा तरी चेंडू टेकवता आला, ही त्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती. जपानी संघ खेळल्याची नोंद असलेला हा पहिला रग्बी सामना.

योकोहामाच्या संघाशी सामने पुढे दरवर्षी होत राहिले, कारण खेळायला दुसरा संघच नव्हता. सात वर्षे हरल्यावर १९०८ मध्ये केइओने त्यांना प्रथमच हरवले.

प्रसार. जिंकल्यावरही अडचण तीच होती. देशात एकच जपानी संघ असेल तर तो खेळणार कोणाशी? त्यामुळे केइओच्या खेळाडूंनी प्रतिस्पर्धी घडवायला घेतले. १९१० मध्ये माजिमा सुसुमु हा केइओचा विद्यार्थी क्योतोत असताना त्याने तेथील तिसऱ्या उच्च विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना हा खेळ शिकवला. शिमोगामो देवस्थानाच्या तादासु नावाच्या पुरातन राईत त्यांनी चेंडूला पहिली लाथ मारली. तेथे आज स्मारकशिला आहे. शेजारचे सावाता हे छोटे देऊळ रग्बीपटूंचे श्रद्धास्थान झाले असून भक्त तेथे रग्बीच्या चेंडूच्या आकाराच्या लाकडी पाट्यांवर नवस लिहून टांगतात.

१९११ मध्ये केइओ आणि तिसरे उच्च विद्यालय यांच्यात सामना झाला. दोन्ही बाजूंना जपानी खेळाडू असलेला हा पहिला सामना होता. त्याच वर्षी क्योतोच्या दोशिशामध्ये क्लब निघाला. वासेदात १९१८ मध्ये, मेइजीत १९२३ मध्ये रग्बी सुरू झाली आणि १९२६ मध्ये जपान रग्बी फुटबॉल संघटना स्थापन झाली. अवघ्या पंधरा वर्षांत एकाकी संघाभोवती आख्खी स्पर्धा उभी राहिली.

वासेदा–केइओ सामना. या दोन विद्यापीठांतील चुरस जपानी क्रीडाजीवनात मुरलेली आहे. बेसबॉलमध्ये ती इतकी पेटली, की समर्थकांमध्ये हाणामारी होण्याच्या भीतीने १९०६ मध्ये दोघांमधील सामने बंद करण्यात आले ते थेट १९२५ पर्यंत. बेसबॉलवरील ही बंदी चालू असतानाच, २३ नोव्हेंबर १९२२ रोजी, रग्बीचा पहिला वासेदा–केइओ सामना झाला. केइओने तो १४–० असा जिंकला. तारीख ठरवताना वासेदाच्या व्यवस्थापकाने हवामानाच्या जुन्या नोंदी तपासल्या आणि पाऊस पडण्याची शक्यता सर्वांत कमी असलेला दिवस निवडला, असे सांगितले जाते. तीच तारीख आजही पाळली जाते. २३ नोव्हेंबरला जपानमध्ये सार्वजनिक सुट्टी असते आणि टोकियोतील रग्बीरसिकांचा तो दिवस या सामन्यासाठी राखून ठेवलेला असतो. २०२३ मध्ये या मालिकेतील शंभरावा सामना राष्ट्रीय स्टेडियममध्ये झाला.

सुरुवातीची काही वर्षे वासेदाला केइओचे आव्हान पेलवत नव्हते. १९२७ मध्ये वासेदाचा संघ ऑस्ट्रेलियाचा दौरा करून आला. चेंडू मैदानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत झरझर फिरवून समोरच्या बचावाची फळी ताणायची, हे तंत्र त्यांनी घोटले आणि त्याच मोसमात केइओला पहिल्यांदा नमवले. येथून पुढे जपानी विद्यापीठ रग्बीत तीन घराणी मानली जाऊ लागली : वासेदाचा आडवा, वेगवान पासिंगचा खेळ, मेइजीची फॉरवर्डच्या, म्हणजे पुढच्या फळीतील दणकट खेळाडूंच्या, ताकदीवर थेट पुढे मुसंडी, आणि केइओचा टॅकल.

खेळाची शैली. केइओच्या टॅकलला जपानी रसिक ‘जीव ओतून केलेला टॅकल’ म्हणतात. समोरून धावत येणारा खेळाडू कितीही धिप्पाड असो, खाली झुकून त्याच्या पायांना मिठी मारायची, त्याला पाडायचे आणि लगेच उठून पुढच्या टॅकलसाठी धावायचे. या जोडीला उंच मारलेली किक : चेंडू आकाशात उडवायचा आणि तो खाली येईपर्यंत पंधराच्या पंधरा जणांनी त्यावर तुटून पडायचे. दोन्ही गोष्टींना उंची किंवा वजन लागत नाही. लागतो तो दम आणि न बिचकण्याची सवय. ही सवय अंगी बाणवण्यासाठी फुजी पर्वताच्या पायथ्याशी यामानाका सरोवराकाठी उन्हाळी शिबिरे होत. त्यांतील मेहनतीच्या कहाण्या जुने खेळाडू अजून सांगतात.

ही शैली गरजेतूनही आली आहे. इतर अनेक विद्यापीठे शालेय रग्बीतील नामांकित खेळाडूंना क्रीडागुणांवर प्रवेश देतात. केइओत असा कोटा नाही. प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण होऊन आलेले आणि विद्यापीठाच्या संलग्न शाळांतून वर आलेले विद्यार्थीच संघात असतात. त्यामुळे केइओचे फॉरवर्ड बहुतेक वेळा समोरच्यांपेक्षा हलके असतात. १९९० मध्ये विद्यापीठाचे शोनान फुजिसावा संकुल सुरू झाले आणि तेथे लेखी परीक्षेऐवजी अर्ज, मुलाखत व विद्यार्थ्याची एकूण कामगिरी पाहून प्रवेश देण्याची पद्धत आली. तिचा रग्बी संघाला पुढे मोठा फायदा झाला.

युद्धकाळ. क्लबचे सरावाचे मैदान योकोहामातील हियोशी संकुलाजवळ आहे. दुसऱ्या महायुद्धात विद्यार्थ्यांना सैन्यात भरती केले जाऊ लागल्यावर खेळ थांबला. १९४४ मध्ये जपानी आरमाराच्या संयुक्त ताफ्याचे मुख्यालय हियोशीत हलवण्यात आले आणि संकुलाखाली भुयारे खोदली गेली. युद्धानंतर १९४९ पर्यंत संकुल अमेरिकी सैन्याच्या ताब्यात होते. भुयारे अजून शाबूत आहेत.

विजेतेपदे. विद्यापीठ अजिंक्यपद स्पर्धा १९६४ च्या मोसमापासून सुरू झाली. १९६८ च्या मोसमात केइओ–वासेदा अंतिम सामना १४–१४ असा सुटला आणि दोघांना विभागून विजेतेपद मिळाले. पुढचे विजेतेपद यायला सतरा वर्षे लागली आणि त्याच्या आदल्या वर्षीचा पराभव केइओच्या चाहत्यांना आजही बोचतो.

जानेवारी १९८५ च्या अंतिम सामन्यात समोर दोशिशा होते. हा संघ सलग तिसऱ्या विजेतेपदाच्या उंबरठ्यावर होता आणि त्यात हिराओ सेइजीसारखा खेळाडू होता. अखेरच्या मिनिटांत केइओ चार गुणांनी मागे असताना त्यांचा खेळाडू चेंडू घेऊन गोलरेषेपलीकडे पोचला. मात्र त्याला मिळालेला पास पुढच्या दिशेने होता, जो रग्बीत नियमबाह्य असतो, असा निर्णय पंचांनी दिला आणि ट्राय नाकारला. सामना १०–६ असा दोशिशाकडे गेला. ‘मायावी ट्राय’ म्हणून तो क्षण जपानी रग्बीच्या इतिहासात नोंदला गेला आहे.

वर्षभराने केइओ पुन्हा अंतिम फेरीत होता. मार्गदर्शक होते उएदा आकिओ, जपानकडून खेळलेले, बुटके आणि चपळ स्क्रमहाफ (फॉरवर्डच्या झुंडीतून चेंडू काढून मागच्या फळीला देणारा खेळाडू). मेइजीविरुद्धचा सामना १२–१२ असा बरोबरीत सुटला आणि विजेतेपद विभागले गेले. राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी कंपनी संघांच्या विजेत्याशी मात्र एकच विद्यापीठ खेळू शकत होते. चिठ्ठ्या टाकल्या आणि कौल केइओला मिळाला. १५ जानेवारी १९८६ रोजी राष्ट्रीय स्टेडियममध्ये केइओने टोयोटा मोटरच्या संघाला १८–१३ असे हरवले. नोकरी करता करता खेळणाऱ्या प्रौढ, अनुभवी खेळाडूंपुढे विद्यार्थ्यांनी जिंकणे तोवर दुर्मीळ झाले होते. कामाइशीच्या पोलाद कारखान्याच्या संघाने त्याआधी सलग सात वर्षे हे अजिंक्यपद राखले होते. यानंतर १९८८ मध्ये वासेदाने एकदा तो पराक्रम केला. त्यापुढे कोणत्याही विद्यापीठाला ते जमलेले नाही.

मग पुन्हा घसरण झाली. १९९४ मध्ये उएदा परत आले तेव्हा संघाची अवस्था बिकट होती. त्यांनी फुजिसावा संकुलातून आलेले गुणी खेळाडू आणि संलग्न शाळांतील मुले यांची मोट बांधली. क्लबच्या शताब्दीच्या, म्हणजे १९९९ च्या मोसमात त्याचे फळ मिळाले. ताकादा शिनसाकुच्या नेतृत्वाखाली केइओने अंतिम सामन्यात आधीची दोन वर्षे जिंकलेल्या कांतो गाकुइनला २७–७ असे नमवले. चिठ्ठी नाही, वाटणी नाही : केइओचे स्वतःचे एकट्याचे असे हे एकमेव विद्यापीठ विजेतेपद. उएदांचे २०१५ मध्ये निधन झाले.

नामवंत खेळाडू. शताब्दी संघातील कुरिहारा तोरुने जुलै २००२ मध्ये चिनी तैपेईविरुद्ध एकट्याने ६० गुण मिळवले : सहा ट्राय आणि पंधरा यशस्वी किक. एका आंतरराष्ट्रीय सामन्यातील वैयक्तिक गुणांचा तो विक्रम ठरला. २०१९ मध्ये तो केइओचा मार्गदर्शक झाला.

हिरोसे तोशिआकी हा केइओचा आणि नंतर जपानचा कर्णधार. त्याच्या नेतृत्वाखाली २०१३ मध्ये जपानने वेल्सला प्रथमच हरवले. पुढे कर्णधारपद गेले, तरी २०१५ च्या विश्वचषकासाठी तो संघात होता. तेथे त्याला एकही सामना खेळायला मिळाला नाही. त्याने मायदेशातील संघांकडून सदिच्छांच्या चित्रफिती मागवल्या आणि दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या सामन्याआधी त्या सहकाऱ्यांना दाखवल्या. जपानने तो सामना ३४–३२ असा जिंकला. त्याच स्पर्धेत सामोआविरुद्ध यामादा आकिहितोने मैदानाच्या अगदी कोपऱ्यात, अंगाभोवती गिरकी घेऊन बचावपटूला चुकवत ट्राय केला. विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, खेळणारा यामादाही केइओचाच. मधल्या काळात तो अमेरिकन फुटबॉलही खेळला होता.